हवेची होडी

प्रवासास निघतांना बरोबर काय घ्यावें यापेक्षां घरीं काय ठेवावें हें ठरविणें अधिक कठीण, असें आमच्या मातुःश्री म्हणतात. आणि चालत्या घरांतून प्रवास करूं लागल्यापासून या म्हणण्याची सत्यता आमच्या घरांतील लहानथोरांस पटली आहे. चालतें घर म्हणजे कॅराव्हॅन. निजण्याबसण्याची, स्वयंपाकाची व स्नानाचीही सोय जींत असते अशी ही मोटार. महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं या गाड्यांच्या पर्यटनाविषयीं स्वतंत्र धोरण ठरविलें आणि आतां त्या भाड्यानेंही मिळतात. आमच्या थोरल्या बंधूंनीं सेवानिवृत्तीनंतर अशी एक गाडी घेतली. कोळवणच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणांत, जेथें पूर्वीं भाताची उडवी रचीत, तेथें ती उभी असते. तिच्यांत सहा माणसें निजतात व त्या सहांचें सामान बसतें, असें विकणाराचें म्हणणें. सहा माणसें निजतात हें खरें आहे.

अशा गाडीबरोबर एक होडीही असावी, ही सूचना गेल्या फाल्गुनांत आमच्या पुतण्यानें व सूनबाईंनीं मांडली. कोंकणांतल्या खाड्यांच्या कांठीं आपण मुक्काम करितों, पाणी दहा पावलांवर असतें आणि आपण तें नुसतें पाहत बसतों, असा त्यांचा युक्तिवाद. होडी हवी ती कयाक जातीची, आणि तीही हवेनें फुगवावयाची. या प्रश्नाचा निकाल लागावयास अडीच महिने गेले. त्या अवधींत आम्हीं जें वाचलें, विचारलें व मोजलें, तें अशाच विचारांत असलेल्या दुसऱ्या एखाद्या कुटुंबास उपयोगी पडेल म्हणून येथें लिहितों.

कोळवणचें खोरें ज्यांनीं पाहिलें नाहीं त्यांस सांगावयाचें तर, पौडाहून आंत वळलें कीं दोहों बाजूंस डोंगराच्या रांगा, मध्यें भाताचीं खाचरें व त्या खाचरांच्या कडेनें जाणारी वळकी नदी, असा हा प्रदेश आहे. हाडशीवरून पुढें डोंगर ओलांडला कीं तिकोन्याच्या पायथ्याशीं पवनेचा विस्तीर्ण जलाशय दिसतो. दुसऱ्या अंगास मुळशीचें धरण. तें होऊं नये म्हणून १९२१ पासून सेनापति बापट प्रभृतींनीं सत्याग्रह केला, आणि तरीही तें झालें व कित्येक गांवें आणि भातशेतें त्याच्या पाण्याखालीं गेलीं. तेव्हां या तालुक्यांत पाणी पुष्कळ आहे. परंतु पाण्याकडे केवळ मौजेची वस्तू म्हणून पाहण्याची आमच्याकडील जुन्या माणसांस संवय नाहीं.

आमच्या घरीं तर याहून जवळचें कारण आहे. पुण्याचे लोक १९६१ सालास पानशेतचें साल म्हणतात. आमच्या घरांत त्याच वर्षाचा श्रावण लक्षांत आहे. आमचे धाकटे चुलते तेव्हां सतरा वर्षांचे होते. पलीकडच्या कांठावर राहिलेलीं गुरें आणावयास ते वळकींत उतरले. रोजचा उतार होता, परंतु वर डोंगरांत पाऊस झाला होता. नदींत उतरण्यापूर्वीं डोक्यावरची टोपी भिजूं नये म्हणून ती त्यांनीं वहिनींच्या हातीं दिली. त्या वहिनी म्हणजे आमच्या मातुःश्री. त्यांच्या लग्नास तेव्हां वर्षच झालें होतें. तेव्हांपासून आमच्या घरांतील मुलांनीं पोहणें शिकावें असा नियम झाला, आणि पावसाळ्यांत नदीवर जाऊं नये असाही. होडीचें नांव निघतांच सर्वांची दृष्टि मातुःश्रींकडे गेली, त्याचें कारण हें. त्या नको म्हणाल्या नाहींत. "वस्तू कशी असते तें मला आधीं समजावून सांगा," एवढेंच म्हणाल्या.

कयाक हा शब्द उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचा. त्या वृक्षहीन प्रदेशांत समुद्रानें वाहून आणलेल्या लाकडांच्या किंवा देवमाशाच्या हाडांच्या सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून ते शिकारीसाठीं लांबट व अरुंद होडी करीत. हल्लींची टणक कयाक प्लास्टिकची असते. दोघांची घेतली तर लांबी बारा फुटांच्या आसपास, वजन पंचवीस-तीस किलो किंवा अधिकच. ती ठेवावयास गाडीच्या टपाखेरीज जागा नाहीं. आणि आमच्या गाडीच्या टपावर सूर्यप्रकाशावर वीज करणाऱ्या तावदानांनीं आधींच बिऱ्हाड केलें आहे. शिवाय मुळांत उंच असलेल्या गाडीवर आणखी फूटभर उंची चढविली कीं आमच्या रस्त्यांवरचे वड आणि गांवोगांवच्या लोंबत्या तारा यांच्याशीं रोजचा तंटा. म्हणून टणक होडीचा विचार पहिल्याच दिवशीं संपला.

हवेवर तरंगण्याची युक्ति नवी नव्हे. ब्रिटिश म्यूझियममध्यें ठेवलेल्या ख्रिस्तपूर्व नवव्या शतकांतील ॲसिरियन शिल्पपटांत फुगविलेल्या कातड्यांस कवटाळून नदी ओलांडणारे लोक दिसतात. आपल्याकडे वाळलेले भोपळे जोडून सांगड करीत. विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस भोपळा किंवा पांगाऱ्याचा हलका ओंडका बांधीत. नंतर त्याची जागा मोटारच्या ट्यूबनें घेतली. सर्वांत मौजेची हकीकत पीटर हॅल्केट नांवाच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची. त्यानें १८४४ च्या सुमारास रबर चढविलेल्या कापडाचा असा एक झगा केला कीं एरव्हीं तो अंगावर घालावा, पाणी आडवें आलें कीं भात्यानें फुगवून त्याची होडी करावी, हातांतल्या काठीस पातें जोडून तिचें वल्हें करावें आणि छत्री उघडून तिचें शीड करावें. जॉन रे या प्रवाशानें उत्तर ध्रुवाकडील सफरींत हॅल्केटची होडी वापरलीही. ही गोष्ट ऐकून आमचे बंधू इतके खूष झाले कीं दोन दिवस ते आपल्या छत्रीकडे वेगळ्याच दृष्टीनें पाहत होते.

मातुःश्रींनीं सारें ऐकून घेतलें व एकच प्रश्न विचारला: "एक फुगा फुटला तर दुसरा कोठें आहे?"

आम्ही प्रामाणिकपणें सांगतों कीं या विषयावरील पुष्कळ जाहिराती वाचूनही इतका नेमका प्रश्न आम्हांस कोठें आढळला नाहीं. तेथें रंग, आसनें, पेला ठेवण्याची खांच, सर्व कांहीं असतें. चांगल्या होडींत उजवी बाजू, डावी बाजू व तळ असे निदान तीन कप्पे परस्परांपासून अगदीं स्वतंत्र असतात आणि प्रत्येकास निराळा व्हॉल्व्ह असतो. एक कप्पा गेला तरी उरलेले दोन माणसास कांठापर्यंत नेतात. खेळण्याच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त होड्यांत एकच मोठा फुगा किंवा फार तर दोन. त्या पोहण्याच्या उथळ हौदांत ठीक. तेव्हां तीन कप्प्यांहून कमी असलेली होडी पाहावयाचीही नाहीं, असें ठरलें.

पुढचा प्रश्न कापडाचा. बहुतेक होड्या पीव्हीसीच्या असतात. त्यांतही नुसत्या पीव्हीसीची पातळ कातडी असलेल्या एक प्रकारच्या, आणि आंत बळकट धाग्यांचें विणलेलें कापड असून त्यावर पीव्हीसी चढविलेल्या दुसऱ्या प्रकारच्या. हा दुसरा प्रकार जड व महाग. पण आमचा सह्याद्रीचा काळा दगड, कांठावरच्या करवंदीच्या जाळ्या आणि बाभळीचा कांटा यांस तोंड देणारा. हायपालॉन नांवाचें कृत्रिम रबर चढविलेलें कापड उन्हांत याहूनही अधिक टिकतें. ड्यूपाँ कंपनीनें हायपालॉन करण्याचें २०१० च्या सुमारास थांबविलें, तरी त्या जातीचें कापड इतरांकडून मिळतें. वर्षांतून पंधरा दिवस पाण्यावर जाणाऱ्या गृहस्थी कुटुंबास त्याची किंमत परवडावयाची नाहीं आणि गरजही नाहीं.

तळाविषयीं मात्र थोडा खर्च अधिक करावा. साधा तळ फुगविला कीं गादीसारखा गुबगुबीत होतो व मधोमध बसलेल्या माणसाच्या भारानें होडी वांकते. त्यावर ड्रॉप-स्टिच नांवाची तोड आहे. गादी सपाट राहावी म्हणून पिंजारी जसे वरून खालीं टांके घालतो, तसे वरच्या व खालच्या कापडांमध्यें हजारों धागे आंतून ओवलेले असतात. हवा भरली कीं कापड फुगावयास पाहतें आणि धागे तें धरून ठेवतात; त्यामुळें तळ फळीसारखा ताठ होतो. साध्या कप्प्यांत दर चौरस इंचास एक ते तीन पौंड दाब पुरतो; या तळांत सहा ते दहा पौंड भरावा लागतो. गुडलिअर कंपनीनें १९५६ सालीं याच तत्त्वावर रबराचें फुगवावयाचें विमान करून उडविलें होतें, असें पुतण्यानें सांगितलें. तो गुडइअरचें नांव नेहमीं चुकीचें घेतो, परंतु गोष्ट खरी आहे.

दाबाचा हा विषय कंटाळवाणा वाटेल, पण आमच्या हवेंत त्याच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं. समजा, सकाळीं २५ अंश उष्णतेंत आपण कप्प्यांत दोन पौंड दाब भरला. कोळवणच्या उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब अदमासें पावणेचौदा पौंड. म्हणजे आंत एकूण पावणेसोळा. दुपारीं ती होडी कांठावर उन्हांत ठेवून मंडळी जेवावयास बसली आणि आंतली हवा ५० अंशांवर गेली, तर हिशेबानें एकूण दाब सतरा होतो व कांट्यावर दोनाचे सव्वातीन दिसतात. दोन-तीन पौंडांसाठीं शिवलेल्या कप्प्यास हा भार फार झाला. म्हणून होडी पाण्याबाहेर काढली कीं सावलींत ठेवावी, सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. उलट, सकाळच्या थंड पाण्यांत उतरल्यावर होडी मऊ लागते, त्यानें घाबरूं नये. थोडी हवा पुन्हां भरावी. दाब दाखविणारा कांटा असलेलाच पंप घ्यावा. सायकलचा पंप या कामास निरुपयोगी आहे. तो थोडी हवा मोठ्या दाबानें भरतो, येथें पुष्कळ हवा थोड्या दाबानें हवी असते. गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा विजेचा पंप मिळतो. त्याचा आवाज ऐकून शेजारच्या वाडींतील कुत्रीं भुंकतात, याखेरीज त्याविरुद्ध आमची तक्रार नाहीं.

वजनाविषयीं लिहिलेंच पाहिजे. इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के-२ ही दोघांची होडी सर्वत्र परिचित आहे. तिची वहनशक्ति १८० किलो दिली आहे. हा आंकडा म्हणजे मर्यादा, आणि जाणती मंडळी अशा आंकड्याचा दोनतृतीयांशच धरतात. कारण भरगच्च लादलेली होडी पाण्यांत खोल बसते, वळत नाहीं आणि लाटेचें पाणी आंत घेते. त्या हिशेबानें १२० किलो. आमचा पुतण्या ७२, सूनबाई ५८, सात वर्षांची नात २२. पाणी, डबा, जॅकेटें मिळून १०. बेरीज १६२. तिघें एका होडींत बसावींत ही त्या उभयतांची हौस या बेरजेनें मोडली. मोठी होडी घ्यावी असें त्यावर सुचविण्यांत आलें. तेव्हां थोरल्या वहिनी प्रथमच बोलल्या. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्यास भुशी धरणामागच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण वाहून गेले, ती बातमी त्यांच्या मनांतून गेलेली नाहीं. "एका घरचीं सगळीं एका वेळीं पाण्यावर नकोत," असें त्या म्हणाल्या, आणि त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. एक मोठें माणूस व एक लहान, किंवा दोघें मोठीं. तिसरें माणूस नेहमीं कांठावर दोर घेऊन. एवढ्यास दोघांची होडी पुरे.

गाडींत जागा किती, हा निर्णयही वहिनींनींच दिला. निजण्याच्या फळीखालीं जेथें पिठाचे व पापडांचे डबे असतात तेथें त्यांनीं फितीनें मोजून ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ३५ उंच एवढी जागा आंखून दिली व सांगितलें कीं, कारखान्यांत यंत्रानें दाबून घडी घातलेल्या पिशवीचें माप मला नको. उन्हांत दमलेल्या माणसांनीं घाईनें घातलेल्या घडीचें माप सांगा. हा फरक विकणारा कधींच सांगत नाहीं. म्हणून आम्हीं दुकानांत होडी फुगवून, पुन्हां स्वतःच घडी घालून, ती पिशवींत भरून मोजली. दुकानदार सज्जन होता. त्यानें चहा मागविला.

ओली होडी मात्र घडी करून ठेवूं नये. आमच्या पावसाळी हवेंत तिला चार दिवसांत बुरशी येते व पापडांच्या डब्यांशेजारीं तो वास कोण सहन करील? खाडीवरून आल्यावर ती गोड्या पाण्यानें धुवावीही लागते. गाडीच्या टांकींतलें पाणी त्यासाठीं वापरावयाचें नाहीं, असा घरांत ठराव झाला आहे. मुक्कामाच्या विहिरीवरून दोन बादल्या आणाव्या. घरीं ती माळ्यावर दोरांनीं टांगलेली असते, कारण उंदरांस पीव्हीसीचा मोह पडतो.

पाण्यावर या होडीचा मुख्य शत्रु दगडही नव्हे व कांटाही नव्हे, तो वारा. ती हलकी व उंच तरंगत असल्यामुळें वारा तिला वावडीसारखी ओढून नेतो. तळाखालीं माशाच्या पंखासारखी एक पात बसविलेली असते, ती लावल्यावांचून होडी सरळ जातच नाहीं. कोंकण किनाऱ्यावर सकाळीं जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. पाणी त्या वेळीं आरशासारखें दिसतें आणि नवख्यास वाटतें कीं हीच वेळ उत्तम. पण तोच वारा होडीला हळूहळू बाहेर नेतो व परत येतांना हात भरून येतात. म्हणून समुद्र वर्ज्य, फक्त खाडी. आणि खाडींतही भरती पाहून. भरतीची वेळ काढण्याची कोंकणी रीत आमच्या मातुःश्रींस माहेरपासून पाठ आहे. तिथीचा अंक तिनांनीं गुणून चारांनीं भागावा. येईल तो आंकडा सुमारें भरतीचा. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओढ जोराची, अष्टमीच्या भांगांत मंद. छापील कोष्टक जवळ असावेंच, पण पंचांग ज्या घरांत रोज उघडलें जातें त्या घरास ही पडताळणी सोपी आहे. भरती चढत असतां खाडींत वर जावें व ओहोटी लागतांच तिच्याबरोबर मुक्कामाकडे परतावें. आणि जावयाचें कोठें तेंही विचारून. चिपळूणच्या वाशिष्ठींत मगरी आहेत. घाटावरील धरणांचे जलाशय तर परवानगीवांचून वर्ज्यच समजावे.

जॅकेटांच्या बाबतींत काटकसर करूं नये. त्यांवर ५० किंवा १०० असा न्यूटनांचा आंकडा असतो. ५० न्यूटनांचें, म्हणजे सुमारें पांच किलोंचा उचल देणारें जॅकेट पोहतां येणारासाठीं आहे. ज्यास पोहतां येत नाहीं त्यास व मुलांस १०० चें, कारण तें माणसाचें तोंड पाण्याच्या वर ठेवण्याच्या दृष्टीनें बेतलेलें असतें. मुलांच्या जॅकेटास पायांमधून जाणारा पट्टा असावा, नाहींतर तें खांद्यांवरून वर सरकतें.

शेवटीं जी घेतली ती तीन कप्प्यांची, विणीच्या कापडाची, ड्रॉप-स्टिचच्या तळाची, नारिंगी रंगाची. रंग वहिनींनीं निवडला. दुरून दिसावा म्हणून. किमतीचा आंकडा देत नाहीं, तो लेख छापून होईपर्यंत बदललेला असेल.

पहिली परीक्षा एका स्नेह्यांच्या शेतांतील दगडी बांधाच्या जुन्या तळ्यावर झाली. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांत ती मुद्दाम केली नाहीं. त्याच्या उतारावरून पाय घसरला तर पोहणारासही वर येणें कठीण जातें. पाणी कमरेइतकें होतें. मातुःश्री खुर्ची टाकून कांठावर बसल्या होत्या. पुतण्या व सूनबाई होडींत बसून दहा-बारा हात आंत गेलीं, तेव्हां त्यांनीं हांक मारून सांगितलें, "आतां एका बाजूची हवा सोड." पुतण्यानें डाव्या कप्प्याचा व्हॉल्व्ह उघडला. फुस्स आवाज झाला, होडी डावीकडे कलली, पाणी आंत आलें, सूनबाईंचें लुगडें, म्हणजे हल्लींचा पोहण्याचा पोषाख, भिजला. परंतु होडी बुडाली नाहीं आणि उजव्या कप्प्यास धरून दोघेंही वल्हीं मारीत कांठास आलीं. मातुःश्रींनीं तो प्रकार पुन्हां करावयास लाविला, या वेळीं उजवी बाजू. तिसऱ्या वेळीं तळ.

मग त्या खुर्चींतून उठल्या, ओल्या होडीवर हात ठेवून त्यांनीं ती दाबून पाहिली व आपला नियम सांगितला. मृग निघाला कीं होडी माळ्यावर चढेल ती नारळी पौर्णिमा होईपर्यंत उतरावयाची नाहीं, आणि वळकींत ती केव्हांही घालावयाची नाहीं. पुतण्यानें दोन्ही गोष्टी मान्य केल्या. नातीचें १०० न्यूटनांचें जॅकेट त्याच संध्याकाळीं आणविलें. मार्गशीर्षांत मालवणाकडे जाण्याचा बेत आहे. शुद्ध सप्तमीपासून दशमीपर्यंतचे चार दिवस धरले आहेत, कारण तेव्हां भांग असतो, आणि भरतीच्या वेळा मातुःश्रींनीं पंचांगाच्या समासांत पेन्सिलीनें लिहून ठेवल्या आहेत.